सेलिब्रिटीने वापरलेली बॅग: जादा पैसे कधी द्यावेत आणि कशासाठी

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय: इन्स्टाग्रामवरचा एक विक्रेता त्यांना लेडी डिऑर, म्हणजे डिऑर या फ्रेंच कंपनीची हँडबॅग दाखवतोय. मध्यम आकार, काळं कातडं, अवस्था चांगली. ही बॅग एका हिंदी नटीच्या वापरातली आहे असं तो सांगतो आणि त्यापायी बाजारभावाच्या दीडपट मागतो. घ्यावी का? आणि मोठ्या माणसाकडे राहिल्याने अशा बॅगेची प्रतिष्ठा खरोखर वाढते का, की हे विकणाऱ्यांचं बोलणं आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. पुरावा नसेल तर नटीच्या नावाचा एक रुपयाही देऊ नका. पुरावा असला तरी दीडपट हा भाव अवाच्या सवा आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यायला हवा, कारण प्रतिष्ठा वाढते हे खरं आहे. फक्त ती कुठे वाढते, हे नीट पाहिलं नाही तर माणूस फसतो. मी बरीच वर्षं मुंबईत वापरलेल्या लक्झरी बॅगांची पारख आणि मूल्यांकन करते. ‘ही अमक्या हिरॉइनची आहे’ हे वाक्य माझ्या टेबलावर सारखं येतं, आणि दर वेळी मी आधी एकच विचारते: तुम्ही या नगाबद्दल बोलताय की या मॉडेलबद्दल?

नग म्हणजे समोर असलेली ती एक बॅग. मॉडेल म्हणजे त्या नावाच्या सगळ्या बॅगा. दोघांना मिळणारी प्रतिष्ठा वेगळ्या वाटेने येते आणि वेगळ्या वाटेने जाते. विक्रेते मॉडेलची गोष्ट सांगून नगाचे पैसे घेतात. तुमच्या बाबतीत तेच चाललंय.

आधी नगाचं बघू. याचं सर्वांत मोठं उदाहरण 10 जुलै 2025 चं. पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात अभिनेत्री-गायिका जेन बर्किन यांची स्वतःची, म्हणजे एर्मेस या फ्रेंच कंपनीने त्यांच्यासाठी बनवलेली आणि त्यांचंच नाव मिळालेली पहिली बर्किन बॅग विकली गेली. बोली 10 लाख युरोंपासून सुरू झाली, 70 लाखांवर हातोडा पडला, आणि लिलावघराची फी धरून आकडा सुमारे 86 लाख युरोंवर गेला. आपल्या पैशांत त्या वेळचे साधारण 86 कोटी. घेणारा जपानचा. त्याआधी लिलावात सर्वांत महाग ठरलेली हँडबॅग होती हिरे जडवलेली मगरीच्या कातड्याची एर्मेसचीच हिमालया केली, 2021 मध्ये हाँगकाँगला क्रिस्टीजमध्ये विकलेली. तिचा भाव 5 लाख डॉलरच्या थोडा वर होता. म्हणजे हिरे, दुर्मिळ कातडं असं सगळं असलेल्या बॅगेला एका झिजलेल्या काळ्या बॅगेने कित्येक पटींनी मागे टाकलं.

ती बॅग जवळून कशी आहे ते पाहण्यासारखं आहे. पुढच्या फ्लॅपवर ‘जे. बी.’ अशी आद्याक्षरं. खांद्यावर घ्यायचा पट्टा न निघणारा. नंतरच्या बर्किनला असा पट्टाच नाही. आकारही पुढे कधी न बनलेला: उंची-रुंदी आजच्या 35 नंबरच्या बर्किनची, खोली 40 नंबरची. पट्ट्याला साखळीने नेलकटर अडकवलेलं, कारण त्यांना नखं लांब ठेवणं आवडत नसे. आणि कातड्यावर स्टिकरांचे डाग. त्या ज्या संस्थांचं काम मानत, त्यातल्या युनिसेफ आणि मेदसँ द्यू माँद यांचे स्टिकर त्यांनी या बॅगेवर सरळ चिकटवले होते. 1985 पासून 1994 पर्यंत त्यांनी ती रोज वापरली आणि मग एड्सविरोधी कामासाठी लिलावाला दिली.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी पुष्कळांना पटत नाही. साध्या बर्किनवर स्टिकरचा डाग असेल तर मी भाव खाली आणते, आणि मालकाला सांगते की विकण्याआधी स्पाला पाठवा, म्हणजे कातडं साफ करून, कडा भरून, शिलाई बघून येईल. इथे त्याच डागाला किंमत आहे. जेन बर्किनची बॅग कुणी घासूनपुसून नवी केली असती तर तिचं मोल गेलं असतं. ही नुसती भावनेची बाब नाही. जॉर्ज न्यूमन, गिल डिझेनड्रक आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. आवडत्या कलाकाराचा स्वेटर निर्जंतुक करून मिळणार म्हटल्यावर लोक त्याचे कमी पैसे द्यायला तयार होत. न्यूमन आणि ब्लूम यांनी 2014 मध्ये केनेडी दांपत्य आणि मॅरिलिन मन्रो यांच्या वस्तूंच्या लिलावांचे भाव तपासले. ज्या वस्तूला त्या व्यक्तीचा हात जास्त लागलेला असेल असं लोकांना वाटत होतं, तिचा भाव वर गेलेला दिसला. बर्नी मॅडॉफ या आर्थिक घोटाळेबाजाच्या वस्तूंच्या लिलावात नेमकं उलट घडलं: जितका त्याचा संपर्क, तितका भाव कमी.

स्पर्शाला किंमत मिळते, म्हणूनच कच्च्या मालाचा हिशेब इथे लागू पडत नाही. जॅकलिन केनेडींचा तीन पदरी खोट्या मोत्यांचा हार 1996 मध्ये सदबीजने 500 ते 700 डॉलरच्या अंदाजाने ठेवला होता, तो 2,11,500 डॉलरला गेला. मार्गारेट थॅचर यांची काळी ॲस्प्रे हँडबॅग 2011 मध्ये लंडनला धर्मादाय लिलावात 25,000 पौंडांना गेली. तशीच बॅग थॅचर यांच्या नावाविना आली असती, तर या रकमेच्या आसपासही पोचली नसती. पण थॅचर यांची बॅग ही त्यांच्या राजकारणाचाच भाग झाली होती. बैठकीत त्यांनी ती टेबलावर ठेवली की समोरचे मंत्री सावध होत, आणि त्यावरून इंग्रजीत एक क्रियापदही रूढ झालं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, आणि माझ्या सगळ्या मूल्यांकनाचा आधार तीच आहे. त्या व्यक्तीने ती वस्तू खरोखर वापरलेली आहे, पुष्कळ वापरलेली आहे, आणि तिचे फोटो त्याची साक्ष देतात. जेन बर्किन एका वेळी एकच बर्किन बाळगत आणि पुढे ती कुठल्यातरी चांगल्या कामासाठी विकत. 2011 मध्ये जपानच्या भूकंप-त्सुनामीग्रस्तांसाठीही त्यांनी आपली बॅग दिली. ज्यांच्या कपाटात अशा शंभर बॅगा आहेत त्यांच्या प्रत्येक बॅगेच्या वाट्याला त्यांचं आयुष्य किती येणार? दोनदा हातात धरलेल्या बॅगेला मी ‘वापरातली’ म्हणत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

मॉडेलची गोष्ट वेगळी. तिथे स्पर्शाला जागाच नाही, कारण दुकानातून तुम्ही घेताय त्या केली बॅगेला हॉलिवूडच्या नटी ग्रेस केली यांनी कधी हात लावलेला नाही. तिथे काम करतं ते चित्र. एर्मेसची ती बॅग 1930 च्या दशकापासून ‘साक आ देपेश’ या नावाने विकली जात होती. 1956 मध्ये मोनॅकोच्या राजघराण्यात लग्न करून गेलेल्या ग्रेस केली यांनी छायाचित्रकारांपासून आपलं गरोदरपण लपवायला ती बॅग पोटापुढे धरली, आणि तो फोटो जगभर गेला. गिऱ्हाइकं दुकानात येऊन ‘ती केलीची बॅग’ मागू लागली. पण कंपनीने अधिकृत नाव बदललं ते 1977 मध्ये. म्हणजे वीस वर्षं लोक ते नाव घेत होते आणि कंपनी गप्प होती. या थांबण्याचं मला आजही कौतुक वाटतं. फोटो छापून आला त्याच महिन्यात ‘राजकन्येची बॅग’ म्हणून जाहिराती केल्या असत्या, तर दोन-तीन वर्षांत ती फॅशन जुनी झाली असती.

बर्किनचीही सुरुवात गरजेतून झाली. विमानात जेन बर्किन यांच्या टोपलीतलं सामान सांडलं, शेजारी एर्मेसचे प्रमुख जाँ-लुई द्युमा बसले होते, तरुण आईला बाळाच्या बाटल्या मावतील अशी बॅगच मिळत नाही असं त्या म्हणाल्या, आणि द्युमांनी तिथल्या ओकारीच्या पिशवीवर आराखडा काढला. 1984 पासून ती बॅग आहे. तरीही हे नाव कंपनीच्या मालकीचं कायमचं झालं असं समजू नये. 2015 मध्ये मगरींच्या शेतीतली क्रूरता पीटा या संस्थेने उघड केली तेव्हा जेन बर्किन यांनी मगरीच्या कातड्याच्या बॅगेवरून आपलं नाव काढायला सांगितलं. एर्मेसला चौकशी करून त्यांचं समाधान करावं लागलं, मगच त्या थांबल्या. जिवंत माणसाचं नाव वापरायचं तर त्या माणसाच्या सदसद्विवेकालाही सामोरं जावं लागतं. जेन बर्किन 2023 मध्ये गेल्या.

ताई, तुमच्या लेडी डिऑरचा जन्म याच्या मधोमध कुठेतरी बसतो. सप्टेंबर 1995 मध्ये पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये सेझानच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेर्नादेत शिराक यांनी डायनाला तिथे डिऑरची नवी बॅग भेट दिली. म्हणजे सुरुवात भेटीपासून, आणि त्यामागे डिऑर कंपनीचा हेतू स्पष्ट होता. पण पुढे जे झालं ते कुणाला ठरवून घडवता आलं नसतं. डायनाला ती इतकी आवडली की ती सारखी तिच्या हातात दिसू लागली, त्याच नोव्हेंबरमध्ये अर्जेंटिनाच्या दौऱ्यातही. 1996 मध्ये कंपनीने तिचं नाव लेडी डिऑर केलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट गालाला डायना गॅलियानो या डिझायनरचा निळा डिऑर गाऊन घालून गेली तेव्हा हातात छोटी सॅटिनची लेडी डिऑरच होती. भेट मिळालेली असली तरी तिने ती स्वतःच्या आवडीने वापरली, हे लोकांना दिसलं. बॅगेला आज जो मान आहे तो त्या दोन वर्षांतल्या फोटोंवर उभा आहे. ‘कुठल्या हिरॉइनकडे होती’ याची तिला गरज नाही.

नाव चांगलं असूनही मॉडेल घसरतं, याची उदाहरणं पुष्कळ. मलबरी या ब्रिटिश कंपनीने 2010 मध्ये अलेक्सा चंग या ब्रिटिश टीव्ही निवेदिकेच्या नावाने ‘अलेक्सा’ आणली. ती प्रचंड चालली. मग कंपनीने आपल्याला वरच्या पंक्तीत बसवायला भाव चढवायला घेतले, नेहमीचं गिऱ्हाईक दूर गेलं, नफा घटणार असे इशारे द्यावे लागले आणि 2014 मध्ये प्रमुखांनी पद सोडलं. अलेक्सा चंग यांचं नाव काही त्या काळात खराब झालेलं नव्हतं. नाव मागणी आणून देतं. ती मागणी सांभाळायची ती कंपनीने, नग कमी बनवून, दुरुस्ती चांगली करून, सेल न लावून. एर्मेस कुणाला पैसे देऊन ब्रँड अँबॅसॅडर नेमत नाही आणि एक बॅग एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवतो. तिथे लेडी गागाने 2010 मध्ये जपानला आपल्या पांढऱ्या बर्किनवर मार्करने जपानी अक्षरं काढली, पुढे किम कार्दाशियनच्या बर्किनवर चित्रकाराने उघड्यावागड्या आकृत्या रंगवल्या, तरी बर्किनचं काही बिघडलं नाही. दुकानात ती तशीही सहज मिळत नव्हतीच.

बर्बेरी या ब्रिटिश ब्रँडचं मात्र बिघडलं. त्याची ओळख म्हणजे चौकटींची (चेक्सची) नक्षी. 2002 च्या सुमारास एका टीव्ही अभिनेत्रीचा डोक्यापासून पायापर्यंत, अगदी लेकराच्या कपड्यांपर्यंत, बर्बेरीची चौकट अंगावर घातलेला फोटो ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी छापला आणि टिंगल सुरू झाली. त्याच सुमारास फुटबॉलच्या दंगेखोर टोळ्यांनीही ती चौकट उचलली होती, काही पब्जनी बर्बेरी घातलेल्यांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. 2004 मध्ये कंपनीने चौकटीची टोपी बनवणं बंद केलं, मालावर चौकट दिसणं कमी केलं, आणि पुढच्या काळात इतरांना दिलेले नावाचे परवाने परत विकत घेतले. या प्रकरणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कापड तेच होतं, शिलाई तीच होती, आणि हिणवलं गेलं ते कामगारवर्गातल्या माणसांना. प्रतिष्ठेच्या या बाजारात अशी तुच्छता मुरलेली आहे आणि ती मला मनापासून खटकते. पण मूल्यांकन करताना तिचा परिणाम मोजावाच लागतो.

बर्बेरीला आणखी एका गोष्टीने मारलं: चौकट लांबून ओळखू येते आणि नक्कल करायला सोपी. यंग जी हान, जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए द्रेझ यांनी 2010 मध्ये लुई व्हिटॉन आणि गुचीच्या हँडबॅगांचा अभ्यास केला, त्यात जितकी बॅग महाग तितका लोगो लहान असं दिसलं. लोगो मोठा असलेली बॅग नटीच्या हातात दिसली की पंधरा दिवसांत फॅशन स्ट्रीटपासून टेलिग्रामच्या ग्रुपपर्यंत फर्स्ट कॉपी, मिरर कॉपी, सेव्हन-ए अशा सगळ्या दर्जांच्या नकला हजर होतात. त्या नटीमुळे मॉडेलची ओळख वाढते, आणि त्याच ओळखीमुळे खऱ्या मालकिणीला लग्नात ‘ओरिजिनल आहे ना?’ असं ऐकावं लागतं.

आता आपल्याकडचं. दीपिका पदुकोण 2022 मध्ये लुई व्हिटॉनची पहिली भारतीय हाऊस अँबॅसॅडर झाली, आलिया भट 2023 मध्ये गुचीची. त्याच वर्षी मार्चमध्ये डिऑरने गेटवे ऑफ इंडियाला शो केला आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या बीकेसीत जिओ वर्ल्ड प्लाझा हा लक्झरी मॉल उघडला. या नेमणुकांचा फायदा दुकानांना निश्चित झाला: ज्या घरांत कधी या ब्रँडचं नाव निघत नसे तिथे आता मुलीच्या लग्नात बॅग द्यायची चर्चा होते. पण करारातून हातात आलेली बॅग आणि आयुष्यात वापरलेली बॅग यांत लिलावाचा बाजार फार फरक करतो. आमच्याकडे शूटिंगच्या आणि कार्यक्रमांच्या बॅगा स्टायलिस्ट सोर्सिंगवर आणतात. ब्रँडच्या पीआरकडून येतात, रात्री वापरतात, सकाळी पाकिटासकट परत जातात. एअरपोर्टवरच्या फोटोत दिसलेली बॅग त्या नटीच्या मालकीची असेलच असं नाही. पुनर्विक्रीत अशा बॅगेला केवळ फोटोमुळे वरचा भाव मिळालेला मी पाहिलेला नाही.

आता तुमच्या नगाकडे. विक्रेत्याकडे फोटो असेल: नटीच्या हातात काळी लेडी डिऑर. तो फोटो काहीही सिद्ध करत नाही. मगरीच्या कातड्याची बॅग असती तर खवल्यांची मांडणी दर नगाला वेगळी असते, फोटोतली आणि समोरची मांडणी जुळवून खात्री करता येते. तुमची बॅग बहुधा कोकराच्या मऊ कातड्याची आहे, वर कॅनाजची, म्हणजे वेताच्या विणीसारखी शिलाई, आणि ती प्रत्येक नगावर सारखीच. जुळवायचंच असेल तर चार कोपऱ्यांची झीज, हँडलखालच्या घड्या आणि लटकणाऱ्या धातूच्या अक्षरांवरचे ओरखडे फोटोत मोठे करून बघा. बहुतेक फोटोंत हे दिसत नाही.

एक तपास मात्र तुम्ही स्वतः करू शकता. जुन्या डिऑर बॅगांच्या आत कातड्याच्या पट्टीवर कोड असतो, अक्षरांशेजारी चार आकडे. पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून साल. 0128 असेल तर फेब्रुवारी 2018. बॅग 2018 ची आणि फोटो 2016 चा असेल तर प्रश्न मिटला. कोड अस्सल दिसतो म्हणून बॅग अस्सल ठरत नाही, नकली मालावरही कोड छापतात. पण तारीख न जुळणं हा पक्का नकार आहे.

तारीख जुळली तर मूळ बिल मागा. ते नटीच्या, तिच्या कंपनीच्या किंवा मॅनेजरच्या नावाचं हवं. परदेशातून आणली असेल तर कस्टम्सची पावती. धर्मादाय विक्रीतून आली असेल तर त्या संस्थेचं सहीशिक्क्याचं पत्र. ‘प्रायव्हसीमुळे नाव देता येत नाही’ हे उत्तर मी समजू शकते, पण मग नावाचे पैसेही मागता येत नाहीत. विक्रेता नावाबद्दल ठाम असेल तर त्याच्या बिलावर ‘अमुक यांच्या मालकीची’ असं लिहून द्यायला सांगा आणि दावा खोटा निघाल्यास पूर्ण पैसे परत, हेही त्याच बिलावर. जो तोंडी शपथा घेतो आणि बिलावर लिहायला कचरतो, त्याच्याकडून साध्या भावातही घेऊ नका.

सगळे कागद मिळाले तरी, ती नटी हयात आहे, तिच्याकडे अशा बॅगा अनेक आहेत, आणि हा नग काळा, मध्यम, सहज मिळणारा आहे, हे धरून माझा सल्ला बाजारभावावर जास्तीत जास्त दहा टक्क्यांचा. आणि तेवढे दिलेत तर बॅग स्पाला पाठवू नका, कागद तिच्या डस्ट बॅगमध्येच, म्हणजे सोबतच्या कापडी पिशवीत ठेवा.